गोष्टींची ट्रंक, मराठी आणि कन्नड: खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची कामाची वही

8 जून 2024, शनिवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि आज कामाला हात घातला. आधी थोडक्यात सांगते. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या बाजूला, जंगलपट्टीत. सरकारी मराठी शाळा पहिली ते पाचवी, एक कायमचे गुरुजी आणि एक अतिथी शिक्षिका, पाच वर्ग मिळून दोन खोल्या. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने पहिलीपासून प्रत्येक शाळेत कन्नड शिकवायलाच लागतं, तेव्हा आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांनाही कन्नड आहेच. पण गावात बोलणं सगळं मराठीत, आणि घरात कन्नड विचारायचं कुणाला? माझ्यासारख्या निम्म्याअधिक सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडच्या, आमची शाळा झाली महाराष्ट्रात, आम्हाला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही. माझी लेक चौथीत आहे. ती कन्नडचं पान सुंदर अक्षरात उतरवून काढते, ओत्तक्षरासकट (म्हणजे कन्नड जोडाक्षरांसकट), आणि त्यात काय लिहिलंय ते विचारलं की गप्प बसते. ही एकट्या तिची गोष्ट नाही, वर्गातली बहुतेक मुलं अशीच आहेत.

ठरवलंय असं, की एकच गोष्ट मराठीतही छापायची आणि कन्नडमध्येही, चित्रं तीच, आणि ही पुस्तकं मुलांनी घरी न्यायची. मराठी आधी वाचायचं, गोष्ट पक्की डोक्यात बसली की मग कन्नड. शिकवणी वगैरे लावायची नाही.

वही लिहायचं कारण एवढंच की असं करायला निघालेल्या दुसऱ्या कुणाला पैसे कुठे गेले, कागद कशाने सडला, हे आधी कळावं.

16 जून, रविवार

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या वाचनालयात जाऊन आले. कर्नाटकात ही वाचनालयं आता पंचायत राज खात्याकडे आहेत आणि 2020 मध्ये ‘ओदुव बेळकु’ म्हणून कार्यक्रम आला, तेव्हापासून मुलांना तिथं फुकट सभासद होता येतं. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. ग्रंथपालांनी नीट बसवून घेतलं, कपाट उघडून दाखवलं, कन्नड बालपुस्तकं बरी आहेत, मराठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण खरी अडचण अंतराची आहे. पंचायत मुख्य गावात, मधली वाट जंगलातून, अस्वलाच्या भीतीने आम्ही मोठी माणसंसुद्धा तिन्हीसांजेला त्या वाटेने जात नाही. मुलांना पाठवणार कसं? तरी सगळ्या मुलांची नावं नोंदवून आले, महिन्यातून एकदा मी जाऊन थोडी पुस्तकं आणेन.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ वापरायचं ठरलं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलंय, हजारो चित्रगोष्टी, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे छापून वाटायला मोकळीक. अट एकच, लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं असलेलं शेवटचं पान ठेवायचं. झेरॉक्सवाला हमखास म्हणतो की ताई हे पान कशाला, कागद वाया. ते काढू देऊ नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रत्येक गोष्ट दोन्ही भाषांत असतेच असं नाही. आधी मराठीत आवडली म्हणून निवडून बसले आणि मग कन्नड शोधायला गेले तर निम्म्या नव्हत्याच, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. गोष्टीच्या पानावर अनुवादांची यादी असते ती पहिल्यांदा बघायची, मग गोष्ट वाचायची. लेव्हल 1 आणि 2 च्याच घेतल्या, पानावर एक-दोन नाहीतर तीन-चार वाक्यं.

23 जून, रविवार

खानापुरात जाऊन पहिला लॉट छापला. चार गोष्टी, दोन भाषा, एकेक प्रत, म्हणजे आठ पुस्तकं, रंगीत. एका पुस्तकाची सोळा पानं, आडवी. ए फोर कागदावर वरखाली दोन पानं बसतात, पाठपोट छापून कागद मधून कापला की वहीच्या निम्म्या आकाराचं आडवं पुस्तक होतं. एका पुस्तकाला चार कागद, आठ बाजू, बाजूला दहा रुपये, पुस्तकाला 80, एकूण 640 रुपये.

दुकानात सगळं छान दिसलं. घरी येऊन कापलं तर पानांचा क्रम गेलेला. मशीन सरळ क्रमाने छापतं, पुढच्या बाजूला 1 आणि 2, मागे 3 आणि 4, मग कापल्यावर 1 च्या पाठीवर 3 येतं आणि 2 च्या पाठीवर 4. गोष्ट सुरू होते, हत्ती नदीत उतरतो आणि पान उलटलं की तो आधीच घरी पोचलेला. उपाय असा, छापायच्या आधी पीडीएफमध्ये पानांचा क्रम 1, 3, 2, 4, मग 5, 7, 6, 8 असा लावून घ्यायचा आणि पाठपोट करताना कागद लांब बाजूने उलटायचा. शिवणीच्या बाजूला, म्हणजे पुढच्या पानावर डावीकडे आणि मागच्या पानावर उजवीकडे, एक सेंटिमीटर तरी जागा सोडायची, नाहीतर अक्षर शिवणीत जातं. पहिल्या लॉटमध्ये ते गेलंय.

5 जुलै

पाऊस सुरू झाला तसा पहिला लॉट संपल्यात जमा. दुकानातला रंगीत प्रिंटर इंकजेट होता. ओल्या हाताने पान धरलं की निळा रंग बोटाला, दप्तर भिजलं की सगळ्या पानाला. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर घरातले कपडे वाळत नाहीत तिथं कागदाचं काय. चार पुस्तकं मुलांनी वाचलीसुद्धा नाहीत, 640 रुपये गेले.

तर नियम पहिला: प्रिंट लेझरचीच घ्यायची. लेझरची शाई भिजली तरी पसरत नाही. रंगीत लेझर परवडत नाही, म्हणून आतली पानं काळी-पांढरी आणि फक्त कव्हर रंगीत जाड कागदावर. हिशोब: आठ बाजू दोन रुपयांनी 16, कव्हर 15, पुस्तक 31 रुपयांत.

14 जुलै, रविवार

बेळगावात जाऊन दुसरा लॉट. बारा गोष्टी, दोन भाषा, प्रत्येकी दोन प्रती, 48 पुस्तकं, 1,488 रुपये. शक्ती योजनेमुळे 2023 च्या जूनपासून आम्हा बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, म्हणून येण्याजाण्याचा खर्च शून्य, नाहीतर असलं काम आमच्यासारखीला झेपलं नसतं.

काळ्या-पांढऱ्यात एक अडचण आली. ज्या गोष्टींची चित्रं गडद आहेत, रात्रीचा देखावा, घनदाट जंगल, ती नुसता काळा डाग होऊन येतात. दोन गोष्टी त्यामुळे बदलायला लागल्या, सुदैवाने छापायच्या आधी एकेक पान काढून बघितलं होतं. रेघांची चित्रं निवडा. मुलं ती रंगवतातही, आणि रंगवलेलं पुस्तक जास्त जपतात.

आता शिवण. स्टेपल मारून बघितलं होतं, पिना गंजतात, कागदावर तांबूस डाग पडतात आणि महिन्याभरात पान सुटतं. मी शिलाईकाम करते, घरात मशीन आहे, म्हणून मशीनवरच शिवायला घेतलं. पहिली तीन पुस्तकं वाया गेली कारण नेहमीचा बारीक टाका ठेवला होता. बारीक टाक्याने कागदाला भोकांची रांग पडते आणि पान तिकिटासारखं सरळ फाटून हातात येतं. मग लिव्हर पार खाली ओढून टाका मोठ्यात मोठा केला, सुई 18 नंबरची लावली, दोरा जाड, आणि चाक हाताने फिरवून सावकाश शिवलं. सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे टाका मारायचा नाही, तिथंच कागद तुटतो, दोऱ्याची टोकं लांब सोडून हाताने गाठ मारायची. वर कण्याला ब्लाऊजच्या कापडाची पट्टी, मराठीला लाल, कन्नडला हिरवी, म्हणजे अजून वाचता न येणाऱ्या पहिलीच्या मुलालाही कुठलं कुठलं ते कळतं. अशी शिवलेली पुस्तकं मुलांनी ओढली, त्यांच्यावर झोपली, तरी टिकलीत.

(नंतरची भर: चिकटवायला खळ लावू नका, का ते 29 सप्टेंबरच्या नोंदीत आहे.)

जुलै अखेर

काहीच काम नाही. पावसामुळे शाळेला सुट्टी मिळत राहिली आणि गावात नट्टी, म्हणजे भातलावणी, चालू, बायका सकाळपासून चिखलात, मुलं बांधावर. कुणाला पुस्तकाचं विचारायची ही वेळच नव्हे. पुढच्या वर्षी जुलैत काही योजायचंच नाही असं लिहून ठेवते.

11 ऑगस्ट, रविवार

शाळा नीट भरायला लागली. दोन प्रयोग करून बघितले आणि दोन्ही फसले, पण त्यातून बरंच कळलं.

पहिला म्हणजे एकाच पुस्तकात डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. असं एक पुस्तक मुद्दाम शिवलं होतं. मुलं काय करतात, तर मराठी पान वाचतात आणि उलटतात. उजवीकडे बघतसुद्धा नाहीत. समोर सोपं असताना अवघड कोण वाचेल? म्हणून पुस्तकं वेगवेगळीच हवीत.

दुसरा प्रयोग आमच्या अतिथी शिक्षिका बाईंनी सुचवलेला, कन्नड ओळीखाली तोच उच्चार देवनागरीत लिहायचा. मुलं धडाधड वाचायला लागली, आम्ही खूश झालो, आणि आठवड्याने बघितलं तर सगळी फक्त देवनागरीच वाचत होती, वरचं कन्नड अक्षर कुणी पाहिलंच नव्हतं. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ यांचं ऱ्हस्व आणि दीर्घ असं दोन-दोन असतं, आपल्या लिपीत एकच, त्यामुळे उच्चारही चुकीचा बसायला लागला. पांढरा कागद चिकटवून त्या ओळी झाकून टाकल्या.

आता पद्धत ही आहे. आठवडाभर लाल पट्टीचं पुस्तक घरी. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट हिरव्या पट्टीची, आणि तेव्हा लाल परत घ्यायचं. चित्र बघून मुलाला कुठल्या पानावर काय घडतं ते आठवत असतं, अक्षरं त्या आठवणीच्या आधाराने वाचली जातात.

18 ऑगस्ट, रविवार

या आठवड्यात एक मोठी गोष्ट सोडवली. पुस्तकं शाळेत ठेवली होती. सोमवारी गेले तर कपाटाला कुलूप आणि पुस्तकं आत. राग आला खरा, पण गुरुजींशी बोलल्यावर त्यांचीही बाजू कळली. शाळेत आलेली वस्तू स्टॉक रजिस्टरला चढवली की ती हरवली तर जबाबदार मुख्य शिक्षक. वर्षाअखेर मोजणी होते. मग ते कुलूप लावणार नाहीत तर काय करतील? किती शाळांत चांगली पुस्तकं अशी कपाटात कोरी राहून जातात, हे मी माझ्या लहानपणापासून बघत आलेय, तिकडेही आणि इकडेही. मुलांच्या हाताला न लागलेल्या पुस्तकाचा मुलांना काही उपयोग नाही, मग ते कितीही नवंकोरं राहू दे.

गुरुजी म्हणाले, “ताई, तुमचं काम चांगलं हाय, पण मला अजून एक रजिस्टर देऊ नका.” त्यांच्यामागे पाच वर्ग, दुपारच्या जेवणाचा हिशोब, दुधाचा हिशोब, मुलांची माहिती कॉम्प्युटरवर भरणं, वर मीटिंगा. खरंच आहे ते.

तेव्हा शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत विषय मांडला आणि ठराव असा झाला, की पुस्तकं शाळेची नव्हेत, आमच्या महिला संघाची. शाळेच्या रजिस्टरला एकही चढवायचं नाही. ठेवायला पत्र्याची ट्रंक घेतली, 1,200 रुपये, कुलूप नाही. वर्षाला चौथा हिस्सा पुस्तकं फाटतील, हरवतील, असं धरूनच चालायचं आणि मुलाकडून भरपाई घ्यायची नाही. यावर एक-दोघं म्हणाले की मग शिस्त कशी लागणार. पण दंडाच्या भीतीने आई पोराला पुस्तक घरी आणूच देत नाही, फळीवर ठेवून देते. ते मला नको होतं.

नोंद ठेवायचं काम पाचवीच्या मुलींनी घेतलं. वहीत नाव, पट्टीचा रंग, नेल्याची तारीख. गुरुजींनी एक चांगली सूचना दिली, की पहिली ते तिसरीची मुलं नली-कलीत (खेळत शिकायच्या पद्धतीत) गटाने बसून आपलं आपण कार्ड घेऊन काम करतात, त्यांना हे नवीन नाही, तेव्हा पुस्तकं वाटू नका, ट्रंक उघडी ठेवा आणि त्यांना घेऊ दे. नली-कली ही पद्धत 1995 च्या सुमारास म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात शिक्षकांनीच उभी केली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्याच दिवशी ट्रंक व्हरांड्यात मांडली आणि खरंच, वाटण्यापेक्षा हे कितीतरी बरं चाललं.

25 ऑगस्ट, रविवार

आजचं लिहिताना फार बरं वाटतंय.

आमच्या गल्लीत किराणा दुकान आहे, दुकानदाराची आई बैलहोंगलकडची, जन्माची कन्नड, सगळं गाव तिला अव्वा म्हणतं. इतकी वर्षं इथं राहून मराठी येते, पण शाळेची पायरी चढलेली नाही, लिहिता-वाचता काही येत नाही. माझी लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी दुकानाच्या कट्ट्यावर हिरव्या पट्टीचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या, अव्वा शेजारी तांदूळ निवडत होती. लेक एकेक अक्षर सुटं सुटं वाचत होती, जसं शाळेत वाचतात तसं. अव्वाने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “एन ओदाकत्ती?” काय वाचतेस म्हणून. लेकीने परत तीच ओळ वाचली, अडखळत, मधेच श्वास घेत. अव्वाला काही समजेना. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिला एकदम उमगलं आणि तिने ती अख्खी ओळ एका दमात, बोलतात तशी म्हणून दाखवली. लेक आधी नुसतीच बघत राहिली. मग ओरडली, “अगं आई, हे तर हत्ती नदीत उतरला तेच की!”

कन्नड म्हणजे कुणीतरी कुणाला सांगितलेली गोष्ट असते, हे त्या पोरींना त्या दिवशी कट्ट्यावर कळलं. पुढची ओळ त्यांनी अक्षरं जुळवून न थांबता म्हणायचा प्रयत्न केला, अव्वाने डोकं हलवलं, चुकलं की परत म्हणून दाखवलं. पूर्ण पुस्तक झालं. अव्वाला अक्षर येत नाही आणि पोरींना अर्थ येत नाही, दोघींचं मिळून एक पुस्तक वाचून झालं.

कन्नड बोलणारं माणूस आमच्याच गावात होतं आणि आम्ही मात्र क्लास कुणाचा लावायचा या विचारात होतो. तुमच्या गावातही असणार, एखादी सून, कंडक्टर, आठवडी बाजाराला येणारा व्यापारी, आधी ते शोधा.

1 सप्टेंबर, रविवार

अव्वाकडे आता शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटली की, मुलं बसतात. दिवस मावळायच्या बऱ्याच आधी संपवायचं, वरच्या गवळीवाड्याची मुलं जंगलातून चालत जातात. पैशाचा विषय काढला तर अव्वा रागावली. संघाने तिला नवी सतरंजी आणून दिली, 600 रुपये, ती तिने मुलांच्या खालीच अंथरली.

पैशावरून एक सांगते, कुणी म्हणालं की गुरुजींनाच थोडं मानधन देऊन संध्याकाळचा वर्ग लावा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 28 व्या कलमानुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर ते आपणहून थांबले तर त्यांचा मोठेपणा, पण पैसे देऊन त्यांना अडचणीत आणायचं नाही.

अव्वाची एक तक्रार असते, काही गोष्टींचं कन्नड ऐकून म्हणते, “हे आमच्यातलं न्हवं.” छापलेलं कन्नड बेंगळूर-म्हैसूरकडच्या वळणाचं, आणि आपल्या उत्तर कर्नाटकातलं बोलणं निराळं. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले परीक्षेत पुस्तकातलंच चालतं, पण बोलायला अव्वाचं येऊ दे. मुलांना यात काही गोंधळ होत नाही, त्यांचीही घरातली मराठी पुस्तकातल्यासारखी कुठं असते.

29 सप्टेंबर, रविवार

गणपतीत ट्रंक शाळेत दुपारच्या जेवणाच्या धान्याच्या खोलीत ठेवली होती. उघडली तर आतली सहा पुस्तकं उंदरांनी कुरतडलेली, ट्रंकेचा कोपरा वाकून फट पडली होती तिथून आत गेले. बघितलं तर सहाही पुस्तकं तीच, ज्यांच्या कण्याची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवली होती. नुसती शिवलेली शाबूत. खळ म्हणजे उंदराला आणि कसरीला आयतं खाणं. आता पट्टी पण शिवूनच घेते. ट्रंक धान्याजवळ ठेवायची नाही, खाली दोन विटा घालायच्या, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि ऊन पडलं की पुस्तकं अंगणात उभी करून वाळवायची. बुरशीचे काळे ठिपके आलेली चार पुस्तकं कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवली, वास गेला.

दसऱ्याची सुट्टी, ऑक्टोबर

सुट्टीत सगळी पुस्तकं मुलांकडे घरी दिली, ट्रंक रिकामी. सुट्टी संपल्यावर तीन आली नाहीत, ती मामाच्या गावाला पोचलीत असं कळलं. पोचू देत.

17 नोव्हेंबर, रविवार

सुगी जोरात आहे, भातकापणी, मळणी. शनिवारचा वर्ग तीन-चार मुलांवर आला, मोठी मुलं शेतात. बंद करायचा नाही असं अव्वाचंच म्हणणं, दोन आली तरी दोघांना सांगते म्हणाली.

देवळात गावातल्या एका वयस्कर मामांनी मला हाक मारून विचारलं, “आमी मराठीसाठी इतकी वर्षं भांडलो, आनि तू पोरास्नी कन्नड शिकवूलीस?” त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि वाईट वाटणं जास्त होतं. ते सीमा आंदोलनात होते, मार खाल्लाय त्यांनी. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासूनचं हे दुखणं आहे आणि मी चंदगडची पोर, मला ते कळत नाही असं नाही. मी त्यांना ट्रंक दाखवली. लाल पुस्तक वाचल्याशिवाय हिरवं मिळत नाही हा नियम सांगितला. आणि जे मला मनापासून वाटतं ते सांगितलं, की मामा, कन्नड येत नाही म्हणून पोरांना मराठी शाळेतून काढून इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये बसवणारे आईबाप आपल्याच गावात आहेत, शाळेचा पट त्याने कमी होतो, आणि पट कमी झाला की शिक्षक कमी होतात. मराठी शाळेतलं पोर कन्नडलाही घाबरत नाही असं दिसलं तर मराठी शाळा टिकेल. मामा लगेच हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांचा नातू आला, आणि मामांनी जुनी मराठी बालमासिकं बांधून ठेवलेली होती ती ट्रंकेसाठी पाठवली.

15 डिसेंबर, रविवार

कामं उरकल्यावर संघाच्या बैठकीला बायका यायला लागल्या आणि आता त्यांनाच शिकायचंय. कारण बस. तिकीट नाही म्हटल्यावर आम्ही सगळ्या आता खानापूर, बेळगाव जास्त फिरतो, आणि बसच्या पाट्या कन्नडमध्ये. दर वेळी कुणाला तरी विचारायचं, ही बस कुठं जाते हो दादा. गेल्या आठवड्यात माझ्या जावेच्या मुलाने, तिसरीत आहे तो, खानापूर स्टँडवर पाटी वाचून आईला ओढत बरोबर बसमध्ये नेलं. जाऊने ते संघात सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून चार जणी मुलांशेजारी बसून हिरव्या पट्टीची लेव्हल 1 ची पुस्तकं वाचायला लागल्या. कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, मुलं आयांना शिकवताहेत, मीही त्यांच्यातच. माझी लेक माझी पाटी तपासते आणि चूक सोडत नाही.

संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही म्हणून चार्जिंगचा बल्ब घेतला, 350.

19 जानेवारी 2025, रविवार

शेजारच्या गावच्या शाळेतल्या बाई बघून गेल्या. त्यांचं म्हणणं, आम्हालाही करायचंय पण आमच्याकडे मशीनवर शिवणारं कुणी नाही. दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने हाताने शिवलं तरी चालतं, एका पुस्तकाला वेळ लागतो एवढंच. त्यांना पानांचा क्रम बदललेल्या पीडीएफ दिल्या म्हणजे त्यांचा तो त्रास वाचला.

गुरुजींचं निरीक्षण लिहून ठेवते कारण ते रोज बघतात. चौथी-पाचवीची मुलं कन्नडचा नवीन धडा उघडल्यावर आता आधी चित्र बघतात आणि काय असेल ते आपसात बोलतात, पूर्वी थेट उतरवून काढायला घ्यायची. पहिली-दुसरीत अजून फारसा फरक नाही, त्यांची मराठीच कच्ची आहे, त्यांना वर्षभर लालच द्यायचं असं ठरलं. दोन मुलं अशीही आहेत जी अजून दोन्ही भाषांत अडखळतात, त्यांच्यासाठी आमच्या शाळेतल्या बाई रोज जेवणाच्या सुट्टीनंतर थोडा वेळ वेगळा काढतात, ट्रंकेने त्यांचं भागत नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

हिशोब. वाया गेलेला रंगीत लॉट 640, लेझर लॉट 1,488, ट्रंक 1,200, दोरा आणि सुया 150, बेळगावात खडे बाजारच्या बाजूला घेतलेली विकतची मराठी-कन्नड चित्रपुस्तकं 900, सतरंजी 600, बल्ब 350. एकूण 5,328 रुपये. त्यातले 2,000 महिला संघाने दिले, 2,000 गोव्यात कामाला असलेल्या गावच्या एका मुलाने पाठवले, बाकीचे 1,328 मी शिलाईतून घातले. कापडाच्या पट्ट्या उरलेल्या कापडातून, त्याचा खर्च नाही.

पुढच्या लॉटसाठी: नवीन बारा गोष्टी, यात लेव्हल 3 च्या चार, कारण पाचवीच्या मुलींना जुन्या पाठ झाल्यात आणि त्या आता सहावीला मोठ्या गावच्या शाळेत जाणार. गवळीवाड्यासाठी वेगळी छोटी ट्रंक, म्हणजे तिकडच्या मुलांना पुस्तकासाठी शनिवारची वाट बघायला नको. छपाई आणि शिवण मे महिन्यात उन्हातच संपवायची, कागद पहिला पाऊस पडायच्या आत ट्रंकेत गेला पाहिजे. अव्वाच्या तोंडून बारा गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायच्यात, तिने होय म्हटलंय, पण दुकानात गिऱ्हाईक नसताना, आणि मोबाईल तिच्या तोंडासमोर धरायचा नाही या अटीवर. 18 नंबरच्या सुया खानापुरात मिळाल्या नाहीत, बेळगावहून डझनभर आणायच्या आहेत.